अंडाशयाच्या गाठी पाहायला शिकताना

पॅथॉलॉजीच्या रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी एका अंडाशयाच्या गाठीवर मी दहा मिनिटांत 'म्युसिनस कार्सिनोमा' लिहून मोकळी झाले. म्युसिनने, म्हणजे चिकट श्लेष्म्याने, भरलेल्या ग्रंथी समोर दिसत होत्या, मग आणखी काय हवं? मॅडमनी स्लाइड हातात घेण्याआधीच विचारलं, "दुसऱ्या बाजूचं अंडाशय कसं होतं गं?" नमुन्यासोबत रुग्णाची माहिती घेऊन येणारा रिक्विझिशन फॉर्म मी वाचलाच नव्हता. गाठी दोन्ही बाजूंना होत्या, मोठी जेमतेम सहा सेंटिमीटरची, आणि पृष्ठभागावरही पुटकुळ्या होत्या. मूळ कॅन्सर मोठ्या आतड्यात निघाला.

म्हणून नव्याने पॅथॉलॉजीत येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं : स्लाइडच्या आधी फॉर्म वाचा आणि ग्रॉसिंगच्या, म्हणजे गाठ उघड्या डोळ्यांनी पाहून कापण्याच्या, टेबलाशी उभे राहा. अंडाशयातच सुरू झालेला म्युसिनस कॅन्सर बहुधा एकाच बाजूला असतो आणि बराच मोठा, दहा सेंटिमीटरच्या पुढचा असतो. आतड्यातून आलेली गाठही कधी मोठी होते, त्यामुळे नुसत्या मापावर विसंबू नका. पण लहान आणि दोन्हीकडे अशी जोडी दिसली की आधी बाहेरचं घर शोधायचं. म्युसिनस गाठीत एकाच सिस्टमध्ये (द्रवाने भरलेल्या पिशवीत) साधा, बॉर्डरलाइन आणि कॅन्सरचा भाग शेजारी शेजारी असू शकतो. त्यामुळे दर सेंटिमीटरमागे एक ब्लॉक (स्लाइडसाठी कापलेला तुकडा) तरी घ्याच, मोठ्या गाठीत दोन. इथे केलेली काटकसर पुढे आयएचसीने (अँटिबॉडी वापरून पेशींतली प्रथिनं रंगवण्याच्या तपासणीने) भरून निघत नाही.

पुस्तकातली भली मोठी यादी पाठ करायला बसू नका. गाठ आवरणाच्या पेशींची, बीजपेशींची, सेक्स कॉर्ड-स्ट्रोमाची (संप्रेरकं बनवणाऱ्या आणि आधार देणाऱ्या पेशींची) की बाहेरून आलेली, एवढे चार प्रश्न मायक्रोस्कोपच्या लो पॉवरवर विचारले तरी निम्मं काम होतं.

आवरणाच्या गाठींमध्ये सर्वांत जास्त गाठ पडते ती हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमाशी. फटींसारख्या अरुंद जागा, बोटांसारखे उंचवटे म्हणजे पॅपिले, एकमेकांशी आकाराने अजिबात न जुळणारी केंद्रकं, भरपूर मायटोसिस (पेशींचं विभाजन). लो-ग्रेड सीरसमध्ये केंद्रकं बरीचशी एकसारखी असतात आणि सॅमोमा बॉडीज, म्हणजे कॅल्शियमचे गोल थरदार कण, खूप दिसतात. ही एकाच आजाराची सौम्य आणि उग्र रूपं नव्हेत. जनुकीय वाटाच वेगळ्या आहेत. हाय-ग्रेडमध्ये पी-५३ हा कॅन्सर रोखणारा जनुक बहुतेक वेळा बिघडलेला असतो, आणि तो आयएचसीच्या डागावरून तपासतात. नवख्यांची हमखास चूक इथेच होते : गडद तपकिरी रंग दिसला की 'बिघाड' आणि सगळं कोरं दिसलं की 'नॉर्मल'. पूर्ण कोरं असणं हाही बिघाडच. फक्त शेजारच्या स्ट्रोमाच्या पेशींनी थोडा रंग घेतलेला हवा, नाहीतर डागच नीट लागलेला नाही. यातल्या बऱ्याच गाठींचा उगम बीजनलिकेच्या झालरीत असतो, म्हणून ट्यूब बारीक कापून पूर्ण बघा.

आवरणाच्याच गाठींपैकी क्लिअर सेल कार्सिनोमातल्या खिळ्याच्या डोक्यासारख्या फुगीर पेशी एकदा पाहिल्या की लक्षात राहतात.

सेक्स कॉर्ड-स्ट्रोमाच्या गटातल्या ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरवर मात्र माझा जीव आहे. हाय पॉवरवर केंद्रकांना मधोमध उभी घडी दिसते, अगदी कॉफीच्या बीसारखी. काही ठिकाणी पेशी छोट्याशा पोकळीभोवती कडं करून बसलेल्या असतात आणि आत गुलाबी द्रव. याच त्या कॉल-एक्सनर बॉडीज. एमा कॉल आणि सिग्मंड एक्सनर यांनी १८७५ मध्ये सशाच्या अंडाशयात त्यांचं वर्णन केलं. त्या दिसल्या नाहीत म्हणून निदान सोडू नका, आणि नुसत्या घडीवरून करूही नका. ब्रेनर ट्यूमर या आवरणाच्या गाठीतही तशीच घडी असते, पण तिथे पेशींची बेटं तंतुमय स्ट्रोमात वसलेली असतात. थेकोमाशी (याच गटातल्या दुसऱ्या गाठीशी) गल्लत होत असेल तर रेटिक्युलिन, म्हणजे बारीक तंतूंची जाळी दाखवणारा डाग, मागवा : थेकोमात जाळी एकेका पेशीभोवती, ग्रॅन्युलोसात पेशींच्या गटाभोवती. निदान चुकवून चालत नाही, कारण हा ट्यूमर दहा-वीस वर्षांनीही परत येतो.

बीजपेशींच्या गाठी बहुधा तरुण मुलींमध्ये सापडतात. डिसजर्मिनोमात मोठ्या फिकट पेशींचे पुंजके आणि मधल्या तंतूंच्या पडद्यांत लिम्फोसाइट. योक सॅक ट्यूमरमध्ये मधोमध रक्तवाहिनी आणि तिच्यावर पेशींचं पांघरूण, म्हणजे शिलर-ड्यूव्हाल बॉडी. रक्तातलं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) हे प्रथिन वाढलेलं असतं. डर्मॉइड सिस्ट या बीजपेशींच्याच गाठीतले केस आणि चरबी पुसून टाका आणि जो भाग घट्ट लागतो तिथून सेक्शन घ्या. अपरिपक्व चेतापेशींचा थर असलाच तर बहुधा तिथेच लपलेला असतो.

त्या फजितीनंतर काही महिन्यांनी दोन घट्ट, पांढरट अंडाशयं टेबलावर आली. लो पॉवरवर सरळ फायब्रोमा, म्हणजे साधी तंतुमय गाठ, वाटावी असं चित्र. या वेळी मी फॉर्म आधी वाचला होता : दोन्ही बाजू, वजन घटलेलं, पोटदुखी. हाय पॉवरवर तंतूंच्या गर्दीत एकेकटी पेशी दिसू लागली, पोट म्युसिनने फुगलेलं आणि केंद्रक एका कडेला दाबलेलं. ही क्रुकेनबर्ग ट्यूमरची, म्हणजे बहुधा जठरातून अंडाशयात पसरलेल्या कॅन्सरची, सिग्नेट रिंग (अंगठीसारखी) पेशी. १८९६ मध्ये या ट्यूमरचं वर्णन करताना खुद्द क्रुकेनबर्ग यांनाही ही गाठ अंडाशयाचीच वाटली होती. मी म्युसिनचा डाग मागवला, पेशी उजळून निघाल्या, आणि रिपोर्टच्या शेवटी जठराची एंडोस्कोपी करून पाहावी अशी ओळ लिहून मी मॅडमकडे स्लाइड घेऊन गेले.