एअर प्लांट भिजवा, मग नीट वाळू द्या
टिलँडसिया, म्हणजेच एअर प्लांटला माती लागत नाही, पाणी मात्र लागतं. नुसत्या फवाऱ्यावर ते हळूहळू सुकतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, अख्खं रोप 20 ते 30 मिनिटं पाण्यात बुडवा. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. खरी काळजी त्यानंतरची. रोप उलटं धरून झटका आणि हवेशीर जागी उलटंच ठेवा. साधारण 4 तासांत ते कोरडं व्हायला हवं. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर बुडखा काळा पडतो, मधली पानं ओढताच हातात येतात आणि रोप सहसा वाचत नाही. म्हणून दमट पावसाळ्यात कमी वेळा भिजवा, बंद काचेची बरणी टाळा. टांगायला तांब्याची तार कधीच नको. तांबं या रोपांना बाधतं.