पोकरमध्ये प्रीफ्लॉप (फ्लॉपआधीच्या) रेझवर तीन-तीन कॉल येत होते, ते असे थांबले

खेळ नो-लिमिट होल्डेम, सहा जणांचं ऑनलाइन टेबल, ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने घालायचे पैसे) १ आणि २ सेंट. एक्क्यांची जोडी घेऊन ४ सेंटला रेझ केलं (पैज वाढवली) तरी तिघं कॉल करून, म्हणजे तेवढेच पैसे घालून, फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) बघायला यायचे. फार वैताग होता.

फक्त भारी पानांवर रेझ वाढवून पाहिला. नेहमीचे खेळाडू ते ओळखून पानं टाकून डाव सोडू लागले. सॉल्व्हरच्या (आदर्श खेळी काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तक्त्यातले छोटे आकडेही इथे चालले नाहीत, कारण समोरचा योग्य वेळी पानं टाकतो असं ते तक्ते धरून चालतात.

उपयोगी पडलं ते याच क्रमाने. पान कुठलंही असो, पहिला रेझ ६ सेंट, म्हणजे ३ बिग ब्लाइंड (२ सेंटचा मोठा ब्लाइंड). आधी कुणी लिम्प केलं असेल (रेझ न करता फक्त २ सेंट घातले असतील) तर दर माणशी २ सेंट जास्त; आपण ब्लाइंडमध्ये असू तर आणखी २. म्हणजे दोन लिम्पवर बटणावरून (डीलरच्या जागेवरून) १०, ब्लाइंडमधून १२. समोरच्याने ६ ला रेझ केला तर थ्री-बेट (त्यावर पुन्हा रेझ) बटणावरून १८, ब्लाइंडमधून २४. शेवटी हे आकडे सॉफ्टवेअरच्या बेट-बटणांत भरून ठेवा, घाईत चूक होत नाही.

फरक गणितातला आहे. ४ सेंटच्या रेझवर बिग ब्लाइंडवाल्याला पॉटमधल्या (जमलेल्या पैशांतल्या) ७ साठी २ च घालावे लागतात, २२ टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याची शक्यता) पुरते. ६ वर ९ साठी ४, म्हणजे ३१ टक्के. शिवाय बहुतेक साइटवर फ्लॉपआधी जिंकलेल्या पॉटला रेक (साइटचं कमिशन) लागत नाही, आणि या स्तरावर रेक फार खातो.

समोरच्याकडे २५ ब्लाइंडच उरले असतील तर मात्र २ ते २.२ बिग ब्लाइंडचा रेझ पुरे.