प्रॉपला हात लावायच्या आधी

एएमईचा, म्हणजे विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरचा, कोर्स नवीन सुरू केलेली नाहीतर फ्लाइंग शिकायला लागलेली पोरं नेहमी एकच विचारतात, भाऊ प्रॉप, म्हणजे विमानाच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर), चेक करायचा म्हणजे नेमकं पाहायचं काय, तर आता एकदाच लिहून टाकतो. छोट्या ट्रेनर विमानाचंच सांगून राहिलो, दोन पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा प्रॉप, सेस्ना १७२ ला असतो तसा.

पहिले चावी. मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) ऑफ, चावी काढून बाहेरून दिसेल अशी ठेवायची, मिक्स्चर, म्हणजे इंजिनचं पेट्रोल कमी-जास्त करायचा दांडा, पूर्ण मागे, चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे, मगच पुढे जायचं. अन् एवढं सगळं करूनही प्रॉप आत्ता फिरेल असंच धरून चालायचं. काऊन? तर मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतःचा स्पार्क स्वतः बनवतो, अन् स्विच ऑफ करणं म्हणजे त्याला वायरने अर्थ करणं, बस. ती वायर आत कुठं तुटली असेल तर चावी बाहेर काढलेली असली तरी मॅग्नेटो चालूच समजा. सिलेंडरमध्ये थोडं पेट्रोल राहिलं असेल अन् तुम्ही सहज पातं हाताने फिरवलं तर एक झटका बसू शकतो, आणि तो एक झटका हात तोडायला पुरतो. म्हणून पात्याच्या फिरण्याच्या लायनीत उभं राहायचं नाही, फोटो काढायचा असला तरी.

आता हा चालतो कसा. नागपुरात राहता म्हणजे उन्हाळा लागला की कूलर तर काढलाच असेल, त्याच्या पंख्याचं पातं पाहून घ्या, मधे जास्त तिरपं अन् टोकाकडे चपटं होत गेलेलं. प्रॉपचंही तसंच, फक्त हिशोब लय बारीक. एका फेरीत मधला भाग लहान गोल फिरतो अन् टोक मोठा गोल, ७६ इंची प्रॉप २७०० आरपीएमला फिरत असेल तर टोकाचा स्पीड सेकंदाला २७० मीटरच्या वर, म्हणजे ताशी हजार किलोमीटरला टेकलेला. मधल्या भागाला एवढा स्पीड कुठून येणार, म्हणून त्याला जास्त तिरपं ठेवतात, मग पूर्ण पातं हवेला जवळपास सारख्याच कोनात भिडतं. अन् पात्याचा आडवा काप घेतला तर तो विमानाच्या पंखाचाच आकार निघतो, समोरून फुगीर, पायलटच्या बाजूने सपाट. राइट बंधूंनी आधी जहाजाच्या स्क्रूचा हिशोब शोधला होता, कामाचं काही सापडलं नाही, मग त्यांनी प्रॉपला सरळ फिरणारा पंख धरलं अन् १९०३ साली उडाले.

प्रॉपवर ७६ बाय ६० असं काही लिहिलं असेल तर पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे हवा लाकडासारखी घट्ट असती तर एका फेरीत ६० इंच पुढे गेला असता. हवा घट्ट नसते, थोडं घसरणं होतंच. हा पिच फिक्स असला की गाडीला एकच गिअर असल्यासारखं आहे, रामटेकच्या चढावरही तोच अन् वर्धा रोडवरही तोच. मोठ्या विमानात कॉन्स्टंट स्पीड प्रॉप येतो, तिथे गव्हर्नर इंजिन ऑइलच्या प्रेशरने पात्यांचा कोन बदलत राहतो, निळ्या मुठीचा लिव्हर असतो तो त्याचाच. एटीआरमध्ये, म्हणजे दोन प्रॉपच्या छोट्या प्रवासी विमानात, कधी स्टँडवर उजवं इंजिन चालू दिसतं पण प्रॉप मात्र एकदम थांबलेला, ते काही बिघडलेलं नसतं बरं, त्या इंजिनाच्या प्रॉपला ब्रेक असतो अन् इंजिनावर करंट अन् एसी चालवून घेतात.

आपल्याकडच्या उन्हाचं पण ध्यानात ठेवा. सोनेगावचा, म्हणजे नागपूर विमानतळाचा, रनवे समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटावर, पण मे महिन्यात ४५ डिग्री झालं की हवा एवढी पातळ होते की विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटाच्या वर उभे आहोत. इंजिनही कमी ओढतं, प्रॉपला पकडायला हवाही कमी, पंखालाही कमी, तिन्हीकडून मार. दुपारी टेकऑफ लांबला की प्रॉपला शिव्या देऊ नका, सकाळी सहाला या.

आता खरं काम. लीडिंग एजवरून, म्हणजे पात्याच्या कापणाऱ्या कडेवरून, हबपासून, म्हणजे पाती जिथे जोडली असतात त्या मधल्या भागापासून, टोकापर्यंत नख हळूहळू फिरवायचं. हळूहळू म्हणतो कारण घाईत बोट फिरवलं तर बारीक धार बोट कापते, माझं कापलंय दोनदा. डोळ्याला जे दिसत नाही तिथे नख अडकतं. सकाळचं तिरपं ऊन पात्यावर पडत असताना पाहिलं तर ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान निकचीही, म्हणजे खडा लागून पडलेल्या खाचेचीही, सावली दिसते. टोकाकडचा एक तृतीयांश भाग सगळ्यात नीट पाहा, खडे तिथेच लागतात. मग पात्याची पुढची-मागची बाजू, बुडापाशी ऑइल किंवा, कॉन्स्टंट स्पीड प्रॉप असेल तर, ग्रीस गळतंय का, स्पिनरला, म्हणजे प्रॉपच्या मधल्या टोकदार टोपीला, स्क्रूच्या भोकांपाशी क्रॅक आहे का.

एवढ्याशा निकसाठी एवढं डोकं काऊन लावायचं? शाम्पूची पुडी आठवा. कडेला कट असला तर एका झटक्यात फाटते, कट नसला तर दाताने पण फाटत नाही. फिरताना एकेका पात्याला बाहेर ओढणारा जोर दहा-वीस टनाचा असतो, वरून इंजिनची थरथर, अन् सगळा ताण त्या निकच्या टोकदार बुडात जमा होतो, तिथूनच क्रॅक चालू होतो. म्हणून लायसन्सवाला इंजिनिअर निक भरत नाही, उलट अजून घासतो, कानस घेऊन त्याचा खोल टोकदार खड्डा पसरट उथळ करतो, कडेवर लांबी खोलीच्या साधारण दहापट, मग बारीक पॉलिश पेपर, क्रॅक नाही ना ते पाहणं अन् रंग. किती घासता येतं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये, मनाने नाही. तुम्ही स्टुडंट आहात तर तुमचं काम दाखवणं अन् टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीत, लिहिणं, घासणं नाही. अन् पातं वाकलेलं दिसलं तर हाताने सरळ करायचा विचारही नको. मी घरच्या कूलरचं पातं असंच वाकवून "सरळ" केलं होतं, तिसऱ्या दिवशी स्टँडचा बोल्ट निघून कूलर खिडकीत लटकत होता अन् आईचं बोलणं पूर्ण उन्हाळाभर.

बॅलन्सचंही तेच. वर सांगितलेल्या स्पीडला टोकावर चिकटलेला एक ग्रॅम चिखल जवळपास आठ किलोच्या जोराने बाहेर ओढतो, म्हणून किडे-माती रोज पुसा. विमान बरेच दिवस उभं असेल तर स्पिनरच्या फटीत टॉर्च मारा, कुंभारीण माशी मातीचं घर बांधून ठेवते. धुवायचं तर साधा साबण, पाणी, मऊ कपडा. प्रेशरची नळी हबवर मारायची नाही, कॉन्स्टंट स्पीड प्रॉपमध्ये पाणी आत गेलं की ग्रीसचं वाटोळं.

ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पात्यांची टोकं एकाच लायनीत फिरतात का ते, पाहायला सोपं आहे. चाकं चॉक करून एका पात्याच्या टोकाला लागून लाकडाचा ठोकळा ठेवा, खूण करा, मॅग्नेटो परत एकदा पाहून हळूच दुसरं पातं तिथे आणा. फरक एक षोडशांश इंचाच्या वर गेला तर सीनियरला बोलवा, एकतर पातं वाकलंय नाहीतर बोल्टात गडबड.

लाकडी प्रॉप असेल तर आपल्याकडे जरा जास्त सांभाळावं लागतं, मेमध्ये लाकूड सुकून आकसतं, बोल्ट ढिले पडतात, जुलैत तेच फुगतं, म्हणून ऋतू बदलला की टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना, लावायचा अन् उभं करताना पाती आडवी ठेवायची, उभी ठेवली तर ओल खालच्या पात्यात उतरते अन् एक बाजू जड होते.

बाकी विमान खडीवर उभं करून रनअप, म्हणजे उडण्याआधी इंजिन जोरात चालवून पाहणं, करू नका, अन् हँगरमध्ये विमान ढकलताना स्पिनरला धरायचं नाही, विमान ओढायचा दांडा, टो-बार, कोपऱ्यात पडलाच असतो, तो लावा, अन् काम झालं की आठवणीने काढा, लागलेला टो-बार स्टार्ट करताना सगळ्यात आधी प्रॉपलाच भेटतो.