सप्टेंबरात आलात? थंडीआधी हॉकीची एक खुर्ची धरा

नॉटिंगहॅममध्ये सप्टेंबरात उतरलेल्या आपल्या मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात. खोली, बँकेचं खातं, कढीपत्ता कुठे मिळतो. त्यांची उत्तरं आठवड्याभरात मिळतात. मी सांगतोय ते मात्र कुणी विचारत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, आणि डिसेंबरात चारच्या सुमारासच अंधारून येतं. कामावरून यायचं, दार लावायचं, घरी फोन लावावा तर तिकडे निजानीज झालेली. माझा पहिला हिवाळा असाच गेला आणि फार जड गेला. दुसऱ्या हिवाळ्यात मी आइस हॉकी बघायला जायला लागलो. हे गाव मला तिथे आपलं वाटू लागलं.

नाव पूर्ण घ्या. नुसतं हॉकी म्हटलंत तर इथे मैदानावरची, आपली ध्यानचंदांची हॉकी समजतात. बर्फावरची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे एलिट आइस हॉकी लीग, २००३ साली सुरू झालेली. गेली काही वर्षं तिच्यात दहा संघ आहेत, तेही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड अशा चारही भागांतले. म्हणजे नोकरी शेफील्डला लागो, कार्डिफला, बेलफास्टला नाहीतर डंडीला, जवळपास एखादा संघ असतोच. स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीसारख्या लहान गावातला फाइफ फ्लायर्स संघ तर १९३८ पासूनचा. आमचा नॉटिंगहॅम पँथर्स.

खेळ समजायला आपल्याला सोपा आहे. बर्फावर एका बाजूचे पाच गडी आणि गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चूक केली की गडी दोन मिनिटं बाहेर बसतो आणि तेवढा वेळ त्याचा संघ एकाने कमी. कबड्डीत एक गडी बाद झाल्यावर उरलेले कसे सावरून, एकमेकांना धरून खेळतात, अगदी तसंच दिसतं. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून धावतात आणि खो मिळाल्यासारखे बदलतात, खेळ न थांबता. ऑफसाइड आणि आयसिंग हे दोन नियम पहिल्या दिवशी कळत नाहीत. शेजारच्याला विचारा, आनंदाने सांगतात. मला बाजूच्या खुर्चीवरच्या आजींनी आपल्या हातमोज्यावर बोटाने रेषा काढून आयसिंग समजावलं होतं. आज त्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे.

आयपीएलच्या सवयीने एक गोंधळ होतो, तो आधीच सांगतो. तिथे गुणतक्त्यात पहिला आलेला संघ विजेता ठरतोच असं नाही. इथे सप्टेंबर ते एप्रिल ५४ सामन्यांनंतर जो अव्वल, तोच लीगचा विजेता, आणि हाच मान सगळ्यांत मोठा समजतात. चॅलेंज कप ही वेगळी स्पर्धा. पहिल्या आठ संघांची प्लेऑफही वेगळी. जिंकलं की दोन गुण. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तरी एक मिळतो. त्यामुळे नोव्हेंबरातल्या कुठल्याशा रविवारच्या सामन्यालाही किंमत असते.

आत कडक थंडी असते. स्वेटर, जाड मोजे, टोपी घालूनच जा. पहिल्यांदा मी नुसत्या शर्टावर जाकीट घालून गेलो आणि मधल्या सुट्टीत बाहेर येऊन हात चोळत बसलो. खेळ चालू असताना नजर पकवरून, म्हणजे चेंडूऐवजी असलेल्या चपट्या चकतीवरून, हटवू नका. तो टणक रबराचा, खेळाआधी गोठवलेला असतो आणि कधीकधी प्रेक्षकांत येतो. कडेच्या फळीवर आपटतो तेव्हा आवाज छातीत जाणवतो. मधल्या सुट्टीत मात्र जागेवरून उठू नका, एकदा तरी. बर्फ सारवणारं यंत्र संथपणे फिरतं, मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं, आणि ओरखड्यांनी पांढरा झालेला बर्फ पट्ट्यापट्ट्याने काचेसारखा होतो. सडा घातलेल्या अंगणाची आठवण मला दर वेळी येते.

एक नाव आदराने लक्षात ठेवा. २८ ऑक्टोबर २०२३ ला शेफील्डमध्ये खेळताना पँथर्सच्या अ‍ॅडम जॉन्सनच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्याचा ४७ क्रमांक आता पँथर्समध्ये कुणी घालत नाही. लीगने त्यानंतर गळ्याचं संरक्षक कवच सक्तीचं केलं. त्याबद्दल इथे कुणाशी बोलाल तर जपून बोला. लोकांना ते अजून दुखतं.

नाताळातले पँथर्स आणि शेफील्डच्या स्टीलर्सचे सामने चुकवू नका, पण परतीची सोय आधी बघा. २५ डिसेंबरला रेल्वे बंद असते, २६ ला बहुतेक मार्गांवरही.

एप्रिलमध्ये प्लेऑफचा शेवटचा शनिवार-रविवार नॉटिंगहॅमलाच होतो. ज्यांचे संघ केव्हाच बाद झालेत तेही आपापल्या जर्सी घालून येतात आणि सगळे मिसळून बसतात. इंग्लंडातल्या फुटबॉलला पाहुण्यांना वेगळं बसवतात. इथे तसं काही नाही. वारीत दिंड्या वेगळ्या असल्या तरी वाट एकच असते, तसं काहीसं त्या दोन दिवसांत वाटतं.

सुरुवातीलाच सीझन तिकीट घेऊ नका. तीन-चार सामने वेगवेगळ्या बाजूंनी बघा, मग खुर्ची ठरवा, आणि ठरली की दर वेळी तीच घ्या. शेजार त्यानेच होतो. एकटे आलात तरी संकोच नको.

आणि डिसेंबरात अस्वलांचा सामना असतो. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळे प्रेक्षक कापडी अस्वलं बर्फावर फेकतात. ती नंतर गरजू मुलांना जातात. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. गोल झाला तसं त्याच आजींनी पिशवीतून दुसरं अस्वल काढून माझ्या हातात कोंबलं. आता माझ्याही पिशवीत एक जादा असतं.