अलास्काच्या छोट्या बोटीवरून प्राणी बघायचे कसे

अलास्काची राजधानी जुनो, तिथून ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीकडे जाणाऱ्या साठ-सत्तर माणसांच्या छोट्या बोटीचं बुकिंग केलं असेल तर पहिली गोष्ट, केबिनमध्ये बसू नका, पैसे डेकसाठी दिलेत. जूनमध्ये तिकडे रात्री दहा-साडेदहापर्यंत उजेड असतो त्यामुळे जेवण झालं की परत बाहेर. दुर्बीण ७ किंवा ८ पटीचीच घ्या, १० ची बोटीवर इतकी हलते की डोकं दुखतं. आणि चांगला रेनकोट, कानटोपी पाहिजेच, कोकणातल्यासारखाच पाऊस पण गारठ्यातला, तिथे छत्री काही कामाची नाही.

देवमासा शोधताना मासा शोधायचाच नाही, वाफेचं कारंजं शोधायचं. हंपबॅक (इथे दिसणारा मोठा देवमासा) तीन-चार वेळा फुसफुसतो आणि मग शेपूट पूर्ण वर काढली की समजायचं खोल गेला, आता पाच-दहा मिनिटं निवांत चहा प्या. सीगल एका जागी गोंगाट करत घिरट्या घालायला लागले तर मात्र कप ठेवून पळा, कारण खाली देवमासे बुडबुड्यांचं जाळं करून हेरिंग नावाचे छोटे मासे घेरत असतील आणि मग सगळे एकदम तोंड उघडून वर येतात! बोट साधारण ९० मीटरच्या आत जात नाही, तसा नियमच आहे, कॅप्टनशी हुज्जत घालू नका.

अस्वलं बघायची तर ओहोटीची वेळ विचारून ठेवा, किनाऱ्यावरचे दगड उलटून खेकडे वगैरे खात असतात. इथला पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हणजे हिरव्या झाडात पांढरा बॉल अडकल्यासारखं दिसलं की तेच. साउथ मार्बल बेटाजवळ सी लायन (सीलसारखे मोठे समुद्री प्राणी) आधी वासाने कळतात (खरंच!) आणि रंगीत चोचीचे पफिन पक्षीही तिथेच.

ग्लेशियर बेमध्ये आत जाताना झाडांकडे बघत रहा. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळपास सगळी बर्फाखाली होती, नंतर बर्फ शंभरेक किलोमीटर मागे सरकला, म्हणून खाडीच्या तोंडाशी स्प्रूसची (सूचिपर्णी झाडांची) दाट गर्दी, पुढे नुसती झुडपं आणि शेवटी उघडा खडक, दोन-सव्वादोनशे वर्षं एका दिवसात बघून होतात.

खाडीच्या आतल्या मार्जरी ग्लेशियरसमोर (ही हिमनदी) आवाज ऐकून मान वळवलीत तर उशीर झाला, बर्फाचा तुकडा आधी पडतो आणि गडगडाट मागून येतो, त्यामुळे एकच भेग धरून बघत बसा. फोन खिशात.