इंका ट्रेलला जोडीने जाताय? सॅक मात्र वेगळ्या भरा
पेरूतल्या माचू पिचूपर्यंतच्या चार दिवसांच्या इंका ट्रेलला परवाना आणि अधिकृत गाइड दोन्ही सक्तीचे. परवाना पासपोर्ट क्रमांकावर निघतो, त्यामुळे बुकिंगनंतर कुणी नवा पासपोर्ट काढलाच तर टूर कंपनीला लगेच कळवा. फेब्रुवारीत ही वाट बंद असते.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी. वार्मीवान्युस्का खिंड सुमारे ४,२१५ मीटरवर आहे आणि विरळ हवेचा त्रास कुणाला होईल, हे फिटनेसवरून ठरत नाही. रोज पळणारा धापा टाकतो, दुसरा मजेत चढतो. (मग थोडी धुसफूसही होते!) म्हणून हातात हात घालून चढायचा हट्ट नको; ज्याने त्याने आपल्या चालीने चढावं आणि वर भेटावं. पण त्यासाठी पाणी, खाऊ, रेनकोट, गरम जॅकेट आणि औषधं प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवीत. नाहीतर एक जण खिंडीत कुडकुडतोय आणि त्याचं जॅकेट तासभर मागे!

डोकेदुखी, मळमळ जोडीदाराची सहल बिघडेल म्हणून लपवू नका, गाइडला सांगा. ट्रेकला जिथून निघतात ते कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ट्रेकआधी तिथे निदान दोन-तीन दिवस काढा. चालायच्या काठ्यांना रबरी टोपणं लावा, म्हणजे दगडी पायऱ्या झिजत नाहीत.