फाटलेला पांढरा रस्सा

पांढरा रस्सा फाटतो तो बहुतेक वेळा अगदी शेवटी. माझाही तसाच फाटला. मटणाचं अळणी पाणी, म्हणजे तिखट न घालता मटण शिजवलेलं पाणी, रटरटत होतं, त्यात फ्रीजमधलं गार नारळाचं दूध गेलं आणि गॅस मोठाच राहिला. वर तेलाचा तवंग, खाली पांढऱ्या कण्या. चव बरी होती, पण कोल्हापुरात पाहुण्यांपुढे नुसता तांबडा ठेवला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेलं तेल. त्याला धरून ठेवतात ती प्रथिनं. सुमारे ८० अंश सेल्सिअसपुढे ती गोठायला लागतात आणि तेल सुटं होतं. आंबट पडलं तर आणखी लवकर.

मग रस्सा कोमट होऊ दिला. कण्यांसकट मिक्सरला लावला, सोबत भिजवलेले काजू आणि खसखस. गाळून मंद आचेवर नुसता गरम केला. जरा दाटच राहिला. आत्या म्हणाली, "खीर केलीस व्हय गं?" पण दोनदा वाटी पुढं केली तिनंच.

आता काजू-खसखस-तिळाचं वाटण आधी अळणी पाण्यात शिजवून घेते, मग पातळ दूध. दाट दुधात पळी-पळीनं गरम रस्सा कालवायचा, मगच ते पातेल्यात ओतायचं, ढवळत राहायचं आणि कडेला बुडबुडे दिसायच्या आत गॅस बंद. पुन्हा गरम करतानाही उकळी नाही. लिंबू हवं त्यानं आपल्या वाटीत पिळावं.